सिलोनच्या चहाचं गाव

दर हिवाळ्यात आई वाईहून दुबईला येते ती दोन किलो चहा घेऊन. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ या पुड्यांच्या मधोमध जाड पिशवीत बांधलेला तो दाणेदार चहा असतोच. २००५ साली आम्ही इथे आलो तेव्हापासून तिला सांगतोय की अगं, दुबईत जगातला सगळा चहा मिळतो. करामातल्या कुठल्याही दुकानात सिलोनचा, केनियाचा, आसामचा चहा ओळीने मांडलेला असतो. कोपऱ्यावरच्या मल्याळी कॅफेटेरियात दिर्हम-दीड दिर्हमात कडक ‘करक’ हातात पडतो. तिचं उत्तर ठरलेलं. "मिळत असेल. पण तो आपला चहा नव्हे."

आपला म्हणजे कुठला, असं लेकीने एकदा विचारलं. "वाईचा," आई म्हणाली. आता वाईला हळद होते, ऊस होतो, ढोल्या गणपती आहे, पण चहा काही होत नाही. आईचा चहा मुळात आसामातला. पान चुरून, फाडून, वळवून गोळ्या करणारं सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसामातच निघालं आणि आपल्या उकळी-आलं-दूध-साखर चहाला तेच लागतं. हे सांगितल्यावर आईने ‘परदेशात शिकून हेच शिकलात का’ अशा नजरेने आमच्याकडे पाहिलं. (परदेशात म्हणजे लीड्सला. तिथे एम.एस्सी. करताना आम्ही पिशवीचा चहा गार दूध ओतून प्यायला शिकलो होतो. ते घरी अजून सांगितलेलं नाही.)

तर अशा वादावादीतून २०२४ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचं ठरलं. लेकीच्या शाळेची सुट्टी थोडी मागेपुढे ओढली, आईलाही बरोबर घेतलं. दुबईहून कोलंबो साडेचार तासांवर. आईच्या लेखी मात्र श्रीलंका वेगळी आणि सिलोन वेगळं. सिलोन म्हणजे रेडिओ. बुधवारी रात्री शेजारपाजारच्यांसह ऐकलेली बिनाका गीतमाला.

पहिला मुक्काम कँडी. गावाबाहेर हंथानाच्या चढावर १९२५ साली बांधलेल्या एका चहाच्या कारखान्यात आता चहाचं संग्रहालय आहे. तिथे कळलं की हा देश आधी कॉफीचा होता. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मळेच्या मळे बसले. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा इथे १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता. तो सतराव्या वर्षी इथे आला आणि १८९२ मध्ये इथेच वारला. कँडीतच त्याची कबर आहे.

त्याच मुक्कामात सकाळी फोनवर बातमी आली की मुंबईत अमीन सायानी गेले. आई खिडकीशी बसून राहिली. "आवाज मुंबईचा, ऐकू यायचा सिलोनहून," एवढंच म्हणाली. खरंच तसं होतं. कार्यक्रमाच्या फिती मुंबईत भरून कोलंबोला पाठवत आणि तिथून ते सूर उभ्या हिंदुस्थानात पसरत. आपल्या चहाचीही गत फारशी वेगळी नाही, असं आम्ही म्हणणार होतो, पण ती वेळ नव्हती.

कँडीहून नानू ओयापर्यंत आगगाडीने गेलो. हा चार तासांचा प्रवास कुणीही चुकवू नये. बोगदा संपला की चहा, वळण संपलं की चहा. कात्रीने कापल्यासारखी झुडपं, मधूनच रंगीत ठिपक्यांसारख्या खुडणाऱ्या बाया. झुडूप म्हणतो खरं, पण चहा हे झाड आहे. वर्षानुवर्षं छाटून त्याला कमरेच्या उंचीवर बसवून ठेवलेलं असतं.

इथे जरा चहाचा भूगोल सांगायला हवा. काळा चहा म्हटला की आपल्याला बिनदुधाचा, कोरा चहा आठवतो. पण ‘ब्लॅक टी’ मधला काळेपणा पानाचा. खुडलेलं पान हवेशी पूर्ण संयोग होऊ देऊन तपकिरी-काळं करून वाळवलं की तो काळा चहा, मग त्यात दूध घाला नाहीतर लिंबू पिळून सुलेमानी करा. आसामचं पान मोठं, ब्रह्मपुत्रेच्या सखल, दमट खोऱ्यातलं. त्याचा चहा दाट, दुधाला पुरून उरणारा. दार्जिलिंगचं पान बहुतेक चिनी जातीचं, लहान. थंडीत हळूहळू वाढणारं, वासाला नाजूक. सिलोनमध्ये गंमत अशी की एका लहानशा बेटात उंचीप्रमाणे चहा बदलतो. साधारण ६०० मीटरपर्यंतचा सखल भागातला, ६०० ते १२०० मधला, आणि त्याच्या वरचा उंचावरचा. सखल भागातला, म्हणजे दक्षिणेकडच्या रुहुणाचा चहा काळाभोर, दाट. श्रीलंकेचा निम्म्याहून अधिक चहा हाच. तो बहुतांशी लहान शेतकरी पिकवतात आणि तो जातो इराक, इराण, तुर्कस्तान, रशिया आणि आमच्या आखाती देशांत. म्हणजे इतकी वर्षं ‘सिलोन’ म्हणून आम्ही जो प्यालो तो या डोंगरातला नव्हताच.

उंचीइतकाच दिशेचाही हिशेब आहे. मधल्या डोंगराच्या पश्चिम उतारावर दिंबुला, पूर्वेला ऊवा. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिमेला झोडपतो तेव्हा पूर्वेकडे कोरडे वारे सुटतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊवाचा चहा सर्वोत्तम निघतो, त्याला पुदिन्याच्या अर्कासारखा एक थंड झोक असतो. उलट डिसेंबरनंतर ईशान्येचा पाऊस पूर्वेला पडतो, पश्चिमेला कोरडी थंडी, आणि जानेवारी ते मार्च दिंबुलाचा हंगाम. वारा कोरडा आणि रात्र गार असली की पान सावकाश वाढतं आणि वास धरतं. आम्ही हे वहीत चित्र काढून समजावत होतो. आईने मध्येच तोडलं. "म्हणजे इकडे महाबळेश्वर आणि तिकडे माण-खटाव, एवढंच ना?" एवढंच. फक्त यांच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा कूस बदलतो.

नुवारा एलिया जवळजवळ १९०० मीटर उंचीवर आहे. विटांचं लाल टपाल कार्यालय, तळं, गुलाब, थंडी. गोऱ्या साहेबाने जिथे जिथे डोंगर गाठला तिथे तिथे तेच एक गाव बांधलं, त्यामुळे माथेरान-महाबळेश्वर पाहिलेल्याला फार नवल वाटत नाही. त्या रात्री हॉटेलच्या विजेच्या किटलीत आईने स्वतःचा चहा दूध घालून उकळला आणि किटली कामातून गेली. तिची भरपाई आम्ही निमूटपणे दिली. तो विषय इथेच संपवतो.

खरा आनंद दुसऱ्या दिवशी कारखान्यात. आम्ही इंजिनिअर माणसं, देवळापेक्षा कारखान्यात जास्त रमतो. जुन्या पद्धतीचा म्हणजे ‘ऑर्थोडॉक्स’ चहा इथे होतो, सीटीसी अगदी थोडा. वरच्या मजल्यावर लांबलचक जाळीच्या हौदांत दिवसभराची खुडणी पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. रात्रभरात पान मऊ, मलूल होतं. मग पितळी दात्यांच्या गोल यंत्रावर ते वळतात. पानाच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि खोलीभर कापलेल्या सफरचंदासारखा वास सुटतो. वासच नव्हे, क्रियाही तीच. कापलेलं सफरचंद ज्या कारणाने तपकिरी होतं त्याच कारणाने चहा काळा होतो. याला सगळे ‘फर्मेंटेशन’ म्हणतात, पण त्यात यीस्टचा काही संबंध नाही, पानातलंच एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन. ही क्रिया नेमकी कधी थांबवायची यावर सगळा चहा. थांबवायची म्हणजे शंभर अंशांच्या आसपासच्या हवेत वीसेक मिनिटं भाजायचं, पानातला ओलावा तीनेक टक्क्यांवर येईपर्यंत.

"कधी थांबवायचं ते कशावर ठरवता?" आम्ही तिथल्या टी-मेकरना विचारलं. आम्हाला वाटलं एखादा सेन्सर दाखवतील. त्यांनी ओंजळभर ओली पानं उचलली, त्यात नाक खुपसलं आणि म्हणाले, "यावर." तीस वर्षांचा अनुभव. आमच्या कंपनीत या गोष्टीला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

भट्टीच्या जुन्या यंत्रावर ‘सिरोको, बेलफास्ट’ अशी पाटी होती. सॅम्युएल डेव्हिडसन हा आयर्लंडचा माणूस कछारच्या चहामळ्यात नोकरीला होता. कोळशाच्या धुराने चहा खराब होतो म्हणून त्याने गरम हवेचं यंत्र काढलं आणि १८८१ मध्ये बेलफास्टला कारखाना घातला. सिरोको हे सहारातून सुटणाऱ्या गरम वाऱ्याचं नाव. वाळवंटी वाऱ्याची किंमत आम्हा दुबईकरांना वेगळी सांगायला नको.

शेवटी चव. ओळीने पांढरे कप मांडलेले, प्रत्येकात मोजून चहा, सहा मिनिटं, दूध नाही, साखर नाही. (चहा चवीला करण्याचं जागतिक प्रमाणसुद्धा आहे, आयएसओ ३१०३. आम्ही ते वाचलेलं आहे, हे कबूल करतो.) नुवारा एलियाचा चहा पातळ, सोनेरी, फुलासारख्या वासाचा. याच्यात दूध घालणं म्हणजे पैठणीने फरशी पुसणं. दिंबुलाचा त्याहून भरदार, तरतरीत, नारिंगी झाक असलेला. रुहुणाचा काळा, किंचित गोडूस, आमच्या रोजच्या ओळखीचा. मोठ्या पानाला ‘ऑरेंज पिको’ म्हणतात, त्यात संत्र्याचा काहीही संबंध नसतो. पानाच्या आकाराची ती प्रतवारी आहे. चाळणीच्या तळाशी उरतो तो ‘डस्ट’. आईने चारही कप प्यायले आणि म्हणाली, "छान आहेत. आता चहा कुठे मिळेल?"

तो मिळाला आमच्या ड्रायव्हरच्या घरी.

हा ड्रायव्हर चाळिशीचा, डोंगरातल्या तमिळ समाजातला, आणि हिंदी चक्क आपल्यासारखी बोलणारा. सहा वर्षं शारजात ट्रक चालवून परत आला होता. आम्ही दुबईचे म्हटल्यावर त्याने गाडीत बसताक्षणी विचारलं, "सर, रोला स्क्वेअरचा तो वड अजून आहे का हो?" तो वड १९७८ सालीच पडला, आता तिथे नुसतं स्मारक आहे. त्यानेही तो पाहिलेला नव्हताच. चुलत्याकडून ऐकलेला. तिथून गप्पा जुळल्या. आईला तो अम्मा म्हणू लागला. हापुतळेच्या वाटेवर म्हणाला, "अम्मा, माझी आई मळ्यात आहे. चहा घेऊन जाऊ."

गाडी थांबली आणि आई म्हणाली, "अरे, ही तर चाळ!" बैठी, लांब, पत्र्याची, एका ओळीत दहा-बारा दारं. इथे त्याला ‘लाइन’ म्हणतात. आईचं लहानपण लालबागच्या गिरणीच्या चाळीत गेलं, तिला दार कुठलं, मोरी कुठे, हे दाखवावं लागलं नाही. ड्रायव्हरची आई नुकतीच मळ्यातून आलेली. साठीची असेल. बोटांची टोकं काळपट, चिकाने राबलेली. दोन पानं आणि एक कळी, दोन पानं आणि एक कळी, दिवसाला अठरा किलो. २०२१ साली रोजची मजुरी १००० रुपये ठरली होती, आम्ही गेलो तेव्हाच्या भावाने साधारण बारा दिर्हम. वजन भरलं नाही तर कमी. किलोभर तयार चहाला साडेचार-पाच किलो ओलं पान लागतं. आम्ही मनात गणित मांडलं. आई वाईहून आणते तो दोन किलो चहा म्हणजे अशा एका बाईचा अर्धा दिवस.

स्टीलच्या पेल्यांत कोरा चहा आला, आणि तळहातावर गुळाचा खडा. खडा चावायचा, घोट घ्यायचा. चहा डस्टचाच, कडक. आईने घोट घेतला, डोळे मिटले. "रेशनच्या दिवसांत आमच्याकडे असाच," ती म्हणाली. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती आणि त्यांचं चांगलं चाललं होतं.

मग त्या बाईंनी विचारलं, "ऊरु?" दुबईत इतकी वर्षं तमिळ शेजारात काढलेल्यांना हा शब्द कळतो. गाव कुठलं, मूळचे कुठले. आई म्हणाली, "वाई." आम्ही जरा थांबून म्हणालो, "वाई." लेक म्हणाली, "दुबई."

"तिथे घर आहे?" बाईंनी ड्रायव्हरकरवी विचारलं.

"भाड्याचं आहे," लेक म्हणाली.

"हेही मळ्याचंच," त्या म्हणाल्या आणि तिच्या हातावर आणखी एक खडा ठेवला.

ड्रायव्हरने पुढे सांगितलं ते परतीच्या वाटेवर, तुकड्यातुकड्याने. त्याची आजी चार वर्षांची असताना तिरुच्चीकडच्या एका खेड्यातून आली. कॉफीच्या काळापासून कंगाणी म्हणजे मुकादम तमिळ मुलखातून अशी माणसं आणत. मन्नारहून जंगलातून पायी यायचं, वाटेत कितीतरी मरायची. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. वडील इथेच जन्मल्याचा कागद दाखवा. मळ्यातल्या बाळंतपणांचे कागद कोण ठेवतो? सात लाखांच्या आसपास माणसं एका कायद्याने कुठलीच उरली नाहीत. १९६४ मध्ये सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांचा करार झाला. सव्वापाच लाख भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत, दीड लाखांचं नंतर पाहू. माणसांची अशी वाटणी. त्याच्या आजीचा भाऊ तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरमला गेला आणि नीलगिरीत गुडलूरकडे चहाच्याच मळ्यात लागला. तामिळनाडू सरकारने १९६८ मध्ये या परतलेल्यांना काम द्यायला मळे सुरू केले होते, ‘टॅनटी’ म्हणून. आजी मागे राहिली. भावंडं पुन्हा भेटली नाहीत. इथे खानेसुमारीत त्यांना ‘इंडियन तमिळ’ लिहीत, तिकडे गुडलूरला भावाला सगळे सिलोनवाला म्हणत. शेवटचे उरलेसुरले बिनदेशी लोक २००३ च्या कायद्याने नागरिक झाले. मधे पंचावन्न वर्षं गेली. "आमचा मुरलीधरन याच लोकांतला," ड्रायव्हर म्हणाला. "तो खेळायला लागल्यावर जरा सोपं झालं."

गाडीत आम्ही दोघं गप्प होतो. ‘टॅनटी’ची पुडी आम्हाला आठवत होती. २००४ साली लग्नानंतर उटीला गेलो तेव्हा कुन्नूरच्या सरकारी दुकानातून घेतली होती. नीलगिरीचा चहा, स्वच्छ रंगाचा, सुवासिक. छान चहा आहे म्हणून घरी सगळ्यांना वाटला. कोणाच्या हातचा, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आणि दुसरी एक आठवण. २०२० च्या जूनमध्ये आमच्या कंपनीने चाळीस जणांना एका दिवसात काढलं होतं. तेव्हा नोकरी गेली की व्हिसा जायचा, आणि व्हिसा गेला की तीस दिवसांत देश सोडावा लागायचा. आमचं नाव त्या यादीत नव्हतं, पुढच्या यादीत असेल असं सगळे म्हणत होते. लेक तेव्हा तेरा वर्षांची. तिने तीन खोकी भरली आणि एकावर ‘वाई’ लिहिलं, कारण दुसरा पत्ता तिला माहीत नव्हता. ती यादी निघालीच नाही. खोकी माळ्यावर अजून तशीच आहेत. तिची आणि त्या लाइनीतल्या बाईंची गोष्ट एक नव्हे. आमच्याकडे पासपोर्ट आहे, शिक्षण आहे, परत जायला वाई आहे. तरी त्या रात्री लेकीने हॉटेलात विद्यापीठाचा अर्ज पुढे उघडला तेव्हा ‘मायदेश’ या रकान्यापाशी तिचा कर्सर बराच वेळ लुकलुकत होता. शेवटी तिने ‘भारत’ निवडलं. आम्ही काही बोललो नाही.

येताना तीन पिशव्या आणल्या, तीन उंचींच्या. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तिन्ही करून ठेवल्या होत्या, ज्यांनी प्यायल्या त्यांना आठवत असेल. कुणाला घरी करायचा असेल तर एवढं सांगतो. उंचावरचा चहा उकळू नका. पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पान टाका आणि झाकून चार मिनिटं ठेवा. दूध नकोच. रुहुणाचा मात्र बिनधास्त उकळा, आलं घाला, तो कशालाही दाद देत नाही.

आईने निघताना स्वतःचा उरलेला अर्धा किलो दाणेदार चहा त्या बाईंना दिला होता. महिन्याभराने ड्रायव्हरचा फोनवर निरोप आला. अम्माचा चहा आईने करून बघितला. रंग चांगला येतो. पण दुधाशिवाय तो पिववत नाही, आणि दूध घातल्यावर पान कुठलं ते ओळखू येत नाही.

आईला आम्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चहा काय ओळखायला करतात होय? लिही त्याला, आलं घालायचं राहिलं असेल."